जुलाब थांबल्यानंतर

जुलाब थांबले, ताप उतरला, सलाइनची सुई काढली आणि डॉक्टरांनी घरी सोडलं. ऑगस्ट २०१९ संपत आला होता. त्या महिन्यात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. आमच्या गल्लीत माणूस बुडेल इतकं पाणी होतं आणि ओसरताना ते घोटाभर चिखल मागे ठेवून गेलं. घरातले सगळे खोरं-खराटा घेऊन तो उपसत होतो. प्यायचं पाणी टँकरचं, जेवण कुणी कुणी मायेनं आणून दिलेलं. त्यातलं नेमकं काय बाधलं ते सांगता येणार नाही. त्या आठवड्यात गल्लीत घरटी एकाला तरी जुलाब होते. मला आव-रक्त पडू लागलं, थंडी वाजून ताप आला, म्हणून ॲडमिट केलं. अँटिबायोटिकनं उतार पडला. इथपर्यंतची गोष्ट पूर पाहिलेल्या कुणालाही नवी नाही.

मला लिहायचंय ते त्याच्या पुढचं, जंतू गेल्यावरही बिघडलेलंच राहणाऱ्या पोटाचं. कारण ते आधी कुणी दोन वाक्यांत जरी सांगितलं असतं, तरी पुढचे कितीतरी महिने मी एवढ्या धास्तीत काढले नसते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. शाळा वाळवा तालुक्यात, घर सांगलीत, त्यामुळे सकाळची एसटी ठरलेली. सप्टेंबरात शाळा सुरळीत सुरू झाली आणि माझ्या लक्षात आलं की पोट काही पूर्वपदावर येत नाही. उठल्या उठल्या एकदा, चहा घेतला की पुन्हा, आणि पायात चपला घातल्या की तिसऱ्यांदा जावं लागायचं. डावीकडे खालच्या बाजूला पीळ पडल्यासारखी कळ यायची, जाऊन आलं की ती शमायची, पण पोट साफ झाल्याचं समाधान नाही. दुपारी डबा खाल्ला की अर्ध्या तासात पोट टम्म. परकराची नाडी वर्गातच सैल करायची, पदर पुढे ओढून घ्यायचा आणि फळ्याकडे तोंड करून शिकवत राहायचं. मधूनच दोन दिवस काहीच होत नसे. तेव्हा वाटायचं, चला, बसलं पोट. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

घरचे उपाय सगळे झाले. आईनं सुंठ-तूप दिलं, बेलाचा मुरांबा दिला, कुटजारिष्ट आणून ठेवलं. सासूबाई म्हणाल्या, "संग्रहणी लागलीय हिला, ताकभातावर ठेवा." ताकभात, मेतकूट, मऊ खिचडी यावर दिवस बरे जायचे हे खरं. पण डब्यात रोज ताकभात नेणारी बाई बाकीच्यांच्या प्रश्नांना किती दिवस उत्तरं देणार? जवळच्या डॉक्टरांनी जंतासाठी, आवेसाठी, मग पुन्हा एकदा 'राहिला असेल थोडा इन्फेक्शनचा अंश' म्हणून गोळ्या दिल्या. दर कोर्सला चार-आठ दिवस बरं वाटायचं. रक्त, लघवी, शौच, सोनोग्राफी, सगळे रिपोर्ट चांगले आले. "रिपोर्ट नॉर्मल आहेत. टेन्शन घेऊ नका," असं सांगून फाइल परत दिली गेली. कळ येत होती ती मला, आणि माझ्या हातात कागद होता की काही झालेलंच नाही. त्या कागदानं दिलासा मिळायला हवा होता. मला तो पुरावा वाटला, माझ्याच विरुद्धचा.

ऑक्टोबरात विधानसभेची निवडणूक लागली आणि माझ्या नावाची ऑर्डर आली. ज्यांनी ही ड्युटी केलीय त्यांना ठाऊक आहे: आदल्या दिवशी तालुक्याला जाऊन साहित्य ताब्यात घ्यायचं, मोजायचं, ठरवून दिलेल्या बसनं केंद्रावर पोचायचं, रात्री तिथंच मुक्काम, पहाटे मॉक पोल आणि ७ ते ६ मतदान. माझं काम बोटाला शाई लावण्याचं आणि नोंदवहीत सही घेण्याचं. ते टेबल सोडलं की रांग जागच्या जागी थांबते.

मी आदल्या दुपारपासून काही खाल्लं नाही. बाटलीत ओआरएस कालवून तेच घोट घोट घेत होते. केंद्र एका शाळेत होतं आणि मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप होतं. शिपाईमामांकडून किल्ली मिळाली, आत नळाला पाणी नव्हतं, म्हणून रात्रीच दोन बादल्या भरून आत नेऊन ठेवल्या. केंद्राध्यक्षांना मी आधीच सांगून ठेवलं होतं, आणि त्या सद्गृहस्थांनी एक शब्द न विचारता मान डोलावली. तरी सकाळी नऊच्या सुमाराला, रांग दारापर्यंत गेलेली असताना, ती कळ आली. घाम फुटला. शाईची काडी हातात, समोर एका आजींचं बोट. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "जावा बाई तुमी, आमी हाय की हितं." मी आले तेव्हा रांग तशीच उभी होती आणि आजी माझ्या टेबलापाशी कुणाला पुढे सरकू देत नव्हत्या. त्या बाईंचं नाव मला माहीत नाही. त्या दिवशी मला जे मिळालं ते त्याआधी कुठल्या तपासणीखोलीत मिळालं नव्हतं.

दिवाळीनंतर घरात ठरलं की मिरजेला दाखवायचं. आमच्याकडे कुठलाही आजार हट्टाला पेटला की मिरज. वर्ष बदलून जानेवारीत पोटविकारतज्ज्ञांची वेळ मिळाली. त्यांनी जुनी फाइल बाजूला ठेवली आणि पहिला प्रश्न विचारला, "हे कधीपासून?" मी म्हटलं, पुरानंतरच्या जुलाबापासून. पुढचा प्रश्न होता, "घरात पाणी किती होतं?" मग जुलाब किती दिवस चालले, रक्त होतं का, ताप होता का, अँटिबायोटिक किती वेळा झाली, वजन उतरलंय का, रात्री झोपेतून उठून जावं लागतं का, घरात कुणाला आतड्याचा आजार आहे का. शेवटच्या काही प्रश्नांचं महत्त्व मला नंतर कळलं. वजन घटणं, शौचातून रक्त जाणं, झोपमोड करणारे जुलाब, येऊन-जाऊन ताप, अंगातलं रक्त कमी होणं, किंवा पन्नाशीच्या आसपास हा त्रास पहिल्यांदाच सुरू होणं, यातलं काही असेल तर दुसरं कारण शोधावंच लागतं. तिथं थांबून चालत नाही.

माझं वजन थोडं उतरलं होतं, त्यामुळे त्यांनी शोध घेतला. हिमोग्लोबिन, सीआरपी, थायरॉइड, बी-१२, गव्हातल्या ग्लूटेननं आतड्याला इजा करणाऱ्या सीलिॲक आजाराची रक्ततपासणी, आणि शौचातलं कॅलप्रोटेक्टिन. आतड्याला खरोखरची सूज असेल तर पांढऱ्या पेशींतलं हे प्रथिन शौचात वाढलेलं सापडतं. आपल्या भागात आतड्याचा क्षय विसरून चालत नाही, आणि संसर्गानंतर अन्नरस शोषलाच न जाणारा, वजन आणि बी-१२ खाली आणणारा स्प्रू नावाचा प्रकारही आपल्या हवामानात होतो, म्हणून दुर्बिणीतून तपासणी करून आतड्याच्या अस्तराचे तुकडेही तपासायला पाठवले. कोलोनोस्कोपीला, म्हणजे मोठ्या आतड्याच्या या दुर्बीण-तपासणीला, लोक घाबरतात. तपासणी गुंगीत होते, ती कळतही नाही. अवघड असतं ते आदल्या संध्याकाळी दोन लिटर पाण्यातली ती खारट-आंबट पावडर संपवणं. गार करून, थोडी थोडी घेतली तर जाते.

सगळं पुन्हा नॉर्मल आलं. पण या वेळी फाइल परत मिळाली नाही, खुर्ची पुढे सरकवली गेली. डॉक्टर म्हणाले, हा आयबीएस आहे, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, आतडं चिडकं होण्याचा विकार, आणि संसर्गानंतर जडलेला आहे. निदानाचे जगभर मानलेले निकष आहेत, रोम निकष म्हणतात त्यांना; २०१६ साली त्यांची चौथी आवृत्ती आली. गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोटदुखी, तिचा शौचाशी संबंध, शौचाच्या वेळांत बदल, शौचाच्या स्वरूपात बदल यांतल्या किमान दोन गोष्टी, आणि त्रास सुरू होऊन किमान सहा महिने. फेब्रुवारी अखेर माझे सहा महिने भरत होते.

"जंतू गेलेत ना सगळे?" मी विचारलं. गेलेत, म्हणाले. मग त्यांनी उलट मला विचारलं, "आता रात्री नुसता पाऊस वाजला की काय होतं तुमचं?" मी उठून बसते. खिडकीतून गल्लीत बघून येते. "तुमच्या आतड्याचंही तेच झालंय," ते म्हणाले. "पाणी ओसरलंय, पण ते अजून पहारा देतंय."

त्यामागचं शरीरशास्त्र मी नंतर शिकले आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण त्यानं 'काही झालेलंच नाही' हे वाक्य खोडून निघतं. संसर्गात आतड्याचं अस्तर सोलवटतं. ते वरून भरून येतं, दुर्बिणीला गुळगुळीत दिसतं. पण साध्या डोळ्यांना न दिसणारे बदल मागे उरतात. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी २००० साली कॅम्पिलोबॅक्टर या जंतूची बाधा झालेल्या लोकांच्या अस्तराचे तुकडे तपासले, तेव्हा सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशी आणि लढाऊ लिम्फोसाइट पेशी बऱ्याच काळानंतरही वाढलेल्या आढळल्या. सेरोटोनिन हे निरोप पोचवणारं रसायन, आणि शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यातच असतं. आतडं किती हलायचं, किती पाझरायचं आणि किती दुखायचं यात त्याचा हात असतो. मज्जातंतूंच्या टोकांजवळ मास्ट नावाच्या रोगप्रतिकारक पेशी चाळवलेल्या राहतात. परिणाम असा की पूर्वी ज्या वायूची जाणीवही झाली नसती, तेवढ्याच वायूनं आता कळ येते. काहींच्या बाबतीत पित्ताम्ल नीट शोषलं जात नाही आणि त्यानंच जुलाब होतात. त्यावर वेगळं औषध आहे, म्हणून तेही विचारून घ्यावं.

हे नवंही नाही. दुसऱ्या महायुद्धात आव झालेल्या ब्रिटिश सैनिकांची पोटं नंतर बिघडलेलीच राहिली, यावर १९५० मध्येच लिहिलं गेलंय. १९६२ मध्ये ऑक्सफर्डच्या चौधरी आणि ट्रुलव्ह यांनी १३० रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यातल्या साधारण चौथाई लोकांचा त्रास आवेच्या आजारानंतर सुरू झाला होता.

मला सगळ्यात जवळची वाटली ती कॅनडातल्या वॉकरटन गावाची हकिगत. ऑन्टारिओ प्रांतातलं जेमतेम पाच हजार वस्तीचं गाव. मे २००० मध्ये जोराचा पाऊस झाला, शेणखत धुऊन विहिरीत उतरलं आणि त्या विहिरीचं पाणी गावभर नळाला गेलं. ई. कोलाय आणि कॅम्पिलोबॅक्टर, दोन्ही. सुमारे २,३०० लोक आजारी पडले, ७ दगावले. त्यानंतर तिथं जे झालं त्याचा मला हेवा वाटतो: संशोधक गावाला धरून राहिले. दोन-तीन वर्षांनी त्यांनी पाहिलं, तेव्हा ज्यांच्या जुलाबाच्या आजाराला वैद्यकीय दुजोरा होता, त्यांच्यापैकी ३६ टक्क्यांना आयबीएस होता. जे आजारी पडलेच नव्हते त्यांच्यात तो १० टक्के होता. आणि आठ वर्षांनी पुन्हा तपासलं तेव्हा संसर्ग झालेल्यांमधलं प्रमाण १५ टक्क्यांवर उतरलं होतं. म्हणजे बऱ्याच जणांचं पोट आपोआप, सावकाश, पण सावरलं. हा आकडा मी त्या काळात किती वेळा मनात म्हटला असेन.

सगळीकडे इतकं चांगलं चित्र नाही, हेही सांगायला हवं. नॉर्वेत बर्गन शहरात २००४ मध्ये नळाच्या पाण्यातून जिआर्डिया नावाचा परजीवी पसरला. तीन वर्षांनी तिथल्या बाधितांपैकी ४६ टक्क्यांना आयबीएस आणि जवळपास तितक्यांनाच सततचा थकवा होता. परजीवीनंतर त्रास जास्त जणांना आणि जास्त काळ राहतो. जगभरचे अभ्यास एकत्र करून २०१७ साली जो हिशोब मांडला गेला, त्यात संसर्गजन्य जुलाबानंतर साधारण दहात एकाला आयबीएस होतो, परजीवी असेल तर दहात चौघांना, असं दिसलं. बायकांना धोका जास्त, मूळ आजार जितका तीव्र तितका जास्त, अँटिबायोटिक झालेल्यांत जास्त, आणि त्या वेळी मनावर ताण किंवा उदासी असेल तर जास्त.

या शेवटच्या मुद्द्यावर मला थांबायचंय. 'टेन्शन घेऊ नका' आणि 'ताणामुळे धोका वाढतो' या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलं ऐकणाऱ्याला गप्प करतं. दुसऱ्यात जंतू, अस्तर, मज्जातंतू आणि पुरात माळ्यावर बसून काढलेल्या रात्री, सगळ्यांना जागा आहे. माझ्या डॉक्टरांनी पाणी किती होतं ते उगीच विचारलं नव्हतं.

उपचार सरळ रेषेत झाले नाहीत. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, एसटी थांबली, शाळा मोबाइलवर आली. पोटाला त्याचा फायदाच झाला, कारण चार पावलांवर न्हाणीघर होतं. आहारतज्ज्ञांशी फोनवर बोलून मी फॉडमॅप कमी असलेला आहार सुरू केला. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातून आलेली ही पद्धत. आतड्यात नीट न शोषली जाणारी आणि पुढे जाऊन आंबणारी काही कर्बोदकं चार-सहा आठवडे बंद करायची, मग एकेक पदार्थ परत आणून बघायचा. यादी वाचून माझं स्वयंपाकघरच बंद पडलं असं वाटलं: कांदा, लसूण, गहू, हरभऱ्याची डाळ, राजमा, दूध, आंबा, फणस. आमचे तासगावचे बेदाणेसुद्धा.

पण बसून विचार केल्यावर वाटा निघाल्या. भात आणि ज्वारीची भाकरी चालते, आणि आमच्याकडे भाकरी रोजचीच. लसणातलं त्रास देणारं द्रव्य तेलात विरघळत नाही, म्हणून पाकळ्या तेलात तांबूस तळून काढून टाकायच्या आणि त्याच तेलात फोडणी घालायची. वास सगळा राहतो. कांद्याची फक्त हिरवी पात घ्यायची. हिंग चालतो, मात्र बाजारच्या बांधानी हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं, डबी वाचून घ्यावी. तुरीऐवजी मुगाची डाळ, तीही बेतानं. पिठलं बंद, झुणका बंद, आणि हे दोन्ही बंद म्हणजे काय ते आमच्या भागातल्या माणसालाच कळेल.

परत आणताना कळलं की गहू मला बाधतच नाही, दोन पोळ्या आरामात पचतात. बाधतात ते कच्चा कांदा, लसूण आणि हरभरा. दुधाचा चहा सुरुवातीला बाधायचा, वर्षभरात चालू लागला. संसर्गानंतर दूध पचवणारं द्रव्य काही काळ कमी पडतं, ते हळूहळू भरून येतं. ही यादी माझी आहे, दुसऱ्याची वेगळी निघेल. आणि सगळं कायमचं बंद ठेवू नये, असं आहारतज्ज्ञांनी बजावून सांगितलं होतं. या धान्या-डाळींवरच आतड्यातले चांगले जंतू जगतात. इसबगोल रोज एक चमचा, भरपूर पाण्यातून, याचा उपयोग झाला. गव्हाच्या कोंड्यानं मात्र पोट जास्त फुगलं.

कळ मात्र पुरती जाईना. तेव्हा डॉक्टरांनी रात्रीसाठी ॲमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम लिहून दिली. औषधाच्या दुकानात काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "ताई, ही डिप्रेशनची आहे." मी ती गोळी तशीच पर्समध्ये ठेवली आणि डॉक्टरांना फोन केला. त्यांनी समजावलं की उदासीसाठी याचा डोस कितीतरी मोठा असतो. इतक्या लहान मात्रेत ती आतड्याकडून मेंदूकडे जाणारा दुखण्याचा निरोप मवाळ करते. पहिले काही दिवस तोंड कोरडं पडलं, सकाळी डोळे जड. तीन-चार आठवड्यांत कळ खरोखर बोथट झाली. पुढे २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या ४६३ रुग्णांवरच्या चाचणीचा निष्कर्ष आला की १० ते ३० मिलिग्रॅमची हीच गोळी आयबीएसमध्ये नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा चांगली ठरते. मी हे वाचलं तेव्हा ती कमी करत आणली होती. आता घेत नाही.

जुलै २०२१ मध्ये कृष्णा पुन्हा चढली. या वेळी आम्ही आधीच बहिणीकडे गेलो होतो. परतल्यावर पाणी उकळूनच प्यायलो, क्लोरीनचे थेंब वेगळे, आणि चिखलाचे हात तोंडाला लागू दिले नाहीत. असा संसर्गानंतरचा आयबीएस टाळायचा असेल तर त्यावर सगळ्यात भरवशाचा उपाय हाच आहे, मूळ संसर्गच होऊ न देणं.

पुरानंतर आरोग्य शिबिरं लागतात, ओआरएसची पाकिटं वाटतात, जुलाबाचे रुग्ण मोजतात. आशाताई दारोदार फिरतात, त्यांचे कष्ट मी डोळ्यांनी पाहिलेत. त्याच पाकिटासोबत एवढंच छापलेलं मिळावं: तीन महिन्यांनंतरही पोट बरं नसेल तर पुन्हा या. त्याला खर्च किती येणार?

अलीकडे आमच्या शाळेतल्या एका सरांनी मला गाठलं. लग्नात जेवून आल्यापासून त्यांच्या पत्नीचं पोट तीन-चार महिने जागेवर नव्हतं, रिपोर्ट चांगले, आणि त्या आता घराबाहेर पडायलाच तयार नव्हत्या. मी त्यांना सांगितलं की डॉक्टरांकडे जाताना एक पान लिहून न्या: पहिला आजार कधी झाला, ताप-रक्त होतं का, कोणती अँटिबायोटिक किती वेळा झाली, वजन किती होतं नि आता किती आहे, रात्री उठावं लागतं का. आणि पंधरा दिवसांची रोजची नोंद, काय खाल्लं, किती वेळा गेलं, कळ कधी आली. त्यांच्या पत्नींनी ती वही इतकी नेटकी लिहिली होती की डॉक्टरांनी ती ठेवूनच घेतली. तपासण्या सुरू आहेत, वजन स्थिर आहे, आणि परवा त्या माझ्याकडे हळदीकुंकवाला येऊन गेल्या.